गावाला एआय समजावून सांगताना: एका बैठकीची सविस्तर तयारी

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात आज एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, विषय काढला, तर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘त्याला सगळं माहीत असतंय.’ दुसरा म्हणतो, ‘ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं आहे, आपल्याला काय करायचंय.’ माझ्या मते दोन्ही सूर सारखेच नुकसान करतात. पहिल्यामुळे माणूस मोबाईलवर आलेला फवारणीचा सल्ला कुणाला न विचारता शेतात वापरतो. दुसऱ्यामुळे पोराच्या आवाजात आलेला फोन खोटा असू शकतो, ही शंकाच त्याच्या मनात येत नाही.

हा लेख अशा लोकांसाठी आहे, ज्यांना आपल्या गावात बसून हे समजावून सांगायचंय: शाळेतले गुरुजी आणि बाई, वाचनालय चालवणारे, बचतगटाच्या ताई, आशाताई, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, सुट्टीला घरी आलेली कॉलेजची मुलं. दीड-दोन तासांची एक बैठक कशी घ्यावी, काय दाखवावं, काय टाळावं, हे इथे क्रमाने लिहितो आहे. ॲप कसं डाऊनलोड करायचं हे गावातलं कोणतंही पोरगं शिकवू शकतं. बैठकीचं काम त्याहून मोठं आहे. चॅटजीपीटीसारखं बोलणारं यंत्र मुळात उत्तर कुठून शोधून आणत नाही, ते शब्दाला शब्द जोडून उत्तर तयार करतं, आणि म्हणून कोणतं उत्तर कुणाकडून तपासून घ्यायचं, एवढं लोकांना उठून जाताना कळलेलं असलं पाहिजे.

वेळ, जागा आणि माणसं

सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत बैठक ठेवू नका. येणारेही अर्धं लक्ष शेतात ठेवून बसतात. पेरण्या उरकल्यावरचे दिवस किंवा उन्हाळ्यातली संध्याकाळ बरी. जागा लोकांच्या सवयीची असावी: मंदिराचा सभामंडप, शाळेची खोली, वाचनालय. आधी जाऊन तिथे मोबाईलला रेंज येते का ते बघा. लाईटच्या वेळा विचारून घ्या. प्रोजेक्टरची गरज नाही. एक चांगला फोन, एक लहान स्पीकर आणि मोठ्या अक्षरात लिहायला फळा एवढं पुरतं.

माणसं पंधरा-वीसच्या वर नकोत. बायकांची बैठक वेगळी घ्या, हा माझा आग्रह आहे. एकत्र बैठकीत सासू, सून, चुलतसासरे सगळे समोर असले की मागे बसलेल्या बायका एकही प्रश्न विचारत नाहीत, आणि पैशांच्या फसवणुकीचे प्रश्न तर मुळीच नाही. बचतगटाची महिन्याची सभा आधीच ठरलेली असते. तिलाच जोडून तासभर मागून घ्या.

सुरुवात मोबाईलपासून

एआय हा शब्द फळ्यावर लिहून व्याख्या सांगायला लागलात, की लोक शाळेतल्यासारखे गप्प होतात. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या फोनमध्ये हे आधीपासून आहे, कुठे आहे सांगा बरं?’ मग एकेक दाखवा. मेसेज लिहिताना कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो. यूट्यूब एक कीर्तन ऐकलं की दुसरी दहा कीर्तनं पुढे करतं. फोनमधल्या फोटोंत एकाच माणसाचे चेहरे आपोआप एकत्र होतात. बोललेलं मराठी लिहून येतं. नकाशा सांगतो की अमुक रस्त्याने गर्दी आहे. बसलेल्यांपैकी बहुतेकांनी यातलं काही ना काही वापरलेलं असतं, आणि ते कळलं की अंगावरचं दडपण उतरतं.

लगेच दुसरी बाजूही सांगा. कॅल्क्युलेटर, एटीएम, बाजार समितीतला इलेक्ट्रॉनिक काटा हे एआय नव्हे. तिथे माणसाने नियम लिहून दिलेला असतो आणि यंत्र तो जसाच्या तसा पाळतं. एआयमध्ये नियम लिहून देत नाहीत. हजारो-लाखो नमुने दाखवतात, आणि त्यातून नियम कसा असावा हे यंत्र स्वतः बसवतं.

हे समजावायला मराठवाड्यात सोयाबीनच्या पिवळ्या पानाइतकं चांगलं उदाहरण नाही. पान पिवळं पडलं म्हणजे काय झालं? चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग; तो पांढरी माशी पसरवते आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे येतात. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पीक पिवळं दिसतं. तिन्हींचे उपाय वेगळे. यंत्राला प्रत्येक प्रकारचे भरपूर फोटो ‘हा मोझॅक, ही लोहाची कमतरता’ असं नाव लावून दाखवले, तर नवा फोटो कुणाशी जास्त जुळतो हे ते सांगू शकतं. पण शिकवताना मोझॅकचेच फोटो जास्त असले, किंवा तुम्ही संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात फोटो काढला, तर लोहाच्या कमतरतेलाही ते मोझॅक म्हणेल. शिवाय शेतात पाणी साचलं होतं का, शेजारच्या वावरातही तसंच आहे का, हे फोटोत येत नाही. ते बांधावर उभ्या राहिलेल्या माणसालाच दिसतं.

शेतकऱ्यांना हा मुद्दा लगेच पटतो, कारण पान बघून अंदाज बांधणं आणि तो अंदाज चुकणं दोन्ही त्यांनी भोगलेलं असतं. इथे घाई करू नका. लोकांना आपापले पिवळ्या पानांचे अनुभव सांगू द्या.

‘हे आलं कधी?’

हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर थोडक्यात द्या. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये एका लेखात मांडला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आणि त्यांचे सहकारी जमले, तेव्हापासून या विषयाला आजचं नाव मिळालं. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली, तिच्यावर आजची बोलणारी साधनं उभी आहेत. आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा हा विषय घराघरात पोचला. म्हणजे वस्तू अचानक आभाळातून पडलेली नाही. एवढं पुरे, पुढे चला.

‘पुंडलिक वरदे’चा प्रयोग

बैठकीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. काही न सांगता मोठ्याने म्हणा, ‘पुंडलिक वरदे...’ आणि थांबा. अख्खा सभामंडप ‘हरी विठ्ठल’ म्हणेल. मग विचारा, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात बघून सांगितलं? कुणीच बघितलेलं नसतं. इतक्या वेळा ऐकलंय की पुढचे शब्द आपोआप ओठांवर येतात.

आता दुसरं वाक्य सोडा: ‘आठवडी बाजार असतो...’ गावातली माणसं गावाच्या बाजाराचा वार सांगतील. मग लग्न होऊन अलीकडेच गावात आलेल्या एखाद्या सुनेला विचारा, माहेरी असताना काय सांगितलं असतंस? ती वेगळा वार सांगेल. ज्याने जे ऐकलं, त्याचा पुढचा शब्द तसा.

इथे थांबून यंत्राचं काम सांगा. चॅटजीपीटी, जेमिनी, व्हॉट्सॲपमधलं मेटा एआय ही साधनं याच तत्त्वावर शिकवलेली आहेत. त्यांना पुस्तकं, बातम्या, इंटरनेटवरचे लेख असा अफाट मजकूर दाखवला आणि प्रत्येक ठिकाणी पुढचा तुकडा ओळखायला लावला. चुकलं की आतले आकडे जरासे बदलायचे आणि पुन्हा ओळखायचं. हे अब्जावधी वेळा केल्यावर यंत्राला व्याकरण, अर्ज लिहायची पद्धत, गणिताच्या पायऱ्या, औषधांची नावं या सगळ्यांचे नमुने पकडता आले. त्यानंतर माणसांनी उत्तरं वाचून ‘हे चांगलं, हे वाईट’ असं सांगत त्याला नम्र आणि नीटनेटकं बोलायला शिकवलं. म्हणूनच ते चुकीचं सांगतानाही तितक्याच शांत, ठाम सुरात सांगतं. आपण माणसाचा आवाज अडखळला की ओळखतो, की याला पक्कं माहीत नाही. यंत्राच्या बाबतीत ती खूण उपयोगाला येत नाही. ही गोष्ट दोनदा सांगा.

‘मग त्याला खरंच कळतं का?’ असं कुणी विचारलं, तर सांगा की यावर जाणकारांमध्येही मतभेद आहेत. आपल्या कामापुरतं हे लक्षात ठेवू, की त्याने तुमचं शेत पाहिलेलं नाही, तुमची नाडी धरलेली नाही आणि उत्तर चुकलं तर त्याचं काही बिघडत नाही.

गावाबद्दलच विचारा

आता फोन काढा आणि स्पीकर लावा. आधी असे प्रश्न विचारा, ज्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. संत जनाबाईंचं गाव कोणतं? संत एकनाथांची समाधी कुठे आहे? मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी असतो? किल्लारीचा भूकंप कधी झाला? गंगाखेड, पैठण, १७ सप्टेंबर, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ही उत्तरं बहुधा बरोबर येतात. लातूर-धाराशिवकडच्या बैठकीत किल्लारीची तारीख तपासायला फोनची गरजच पडत नाही. त्या रात्री जागलेली माणसं समोर बसलेली असतात.

मग खाली या. तुमच्या गावच्या ग्रामदैवताचं मंदिर कुणी बांधलं? गावाला हे नाव कसं पडलं? गावची यात्रा कधी भरते आणि पालखी कुठून निघते? शेजारच्या वाडीबद्दल विचारा. पुष्कळदा यंत्र ऐटीत एखादी कथा सांगतं: कुठला तरी राजा, कुठली तरी नदी, चैत्रातली यात्रा. ऐकणारे हसायला लागतात, कारण खरं त्यांना माहीत आहे. हसू ओसरलं की विचारा, ‘आपल्या गावाबद्दल होतं म्हणून चूक पकडली. हेच उत्तर दुसऱ्या देशातल्या गावाबद्दल असतं तर? किंवा औषधाबद्दल?’ बैठकीतला हा क्षण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दहा सूचनांनी जे होत नाही ते या एका प्रश्नाने होतं, कारण तोपर्यंत चूक लोकांनी स्वतः पकडलेली असते.

कधी कधी साधन सरळ सांगतं की या गावाबद्दल मला माहिती नाही. तेही दाखवा आणि कौतुकाने दाखवा. अलीकडची साधनं आधीपेक्षा जास्त वेळा असं कबूल करतात. काही साधनं इंटरनेटवर शोधून उत्तर देतात आणि खाली दुवे दाखवतात. मग तो दुवा उघडून तिथे खरंच तसं लिहिलंय का, हे सगळ्यांसमोर बघा.

त्यानंतर आणखी दोन चाचण्या घ्या. एकच प्रश्न दोन फोनवर विचारा आणि दोन्ही उत्तरं वाचून दाखवा. शब्द तर वेगळे येतातच, कधी मजकूरही वेगळा येतो. दुसरी चाचणी म्हणजे बरोबर उत्तर आलं असताना त्याला म्हणायचं, ‘नाही, तुझं चुकलंय.’ बऱ्याचदा ते माफी मागून चुकीच्या बाजूला जातं. आपल्याला हवं तसं उत्तर त्याच्याकडून वदवून घेणं किती सोपं आहे, हे यातून लोकांना दिसतं. जमिनीच्या वादात ‘एआयने माझी बाजू खरी सांगितली’ म्हणून मोबाईल पुढे करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, तेही इथेच मिळतं.

जिल्ह्यांची नावंही विचारून बघा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं जिल्ह्यांना २०२३ पासून लागली, पण त्याआधी लिहिलेला मजकूर कितीतरी मोठा आहे. म्हणून एखादं साधन अजून जुनीच नावं सांगतं. यंत्राचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. त्यानंतर काय बदललं हे त्याला आपोआप समजत नाही.

जुने नियम नवे म्हणून

या शेवटच्या मुद्द्याचा सगळ्यांत मोठा फटका सरकारी योजनांमध्ये बसतो, म्हणून पीकविम्याचं उदाहरण फळ्यावर लिहा. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. मधल्या काळात एक रुपयाच्या विम्यावर ढीगभर लेख आणि व्हिडिओ निघाले. ते वाचून शिकलेलं साधन आजही ‘एक रुपया भरा’ सांगू शकतं, आणि ते वाचून एखादा शेतकरी शेवटच्या तारखेपर्यंत निवांत राहू शकतो. त्यामुळे योजना, तारखा, रक्कम, अनुदान या चार गोष्टी एआयकडून पक्क्या धरायच्या नाहीत. त्याच्याकडून योजना कशी आहे हे सोप्या भाषेत समजून घ्या आणि आकडे तालुका कृषी कार्यालयातून किंवा चालू हंगामाच्या शासन निर्णयातून घ्या.

मराठीत कसं विचारायचं

आता लोकांच्या हाती फोन द्या. लिहिता न येणाऱ्यांना माईकचं चिन्ह दाखवा. इथे एक अडचण येते आणि ती आधीच सांगितलेली बरी. बोलणं लिहून घेणारी साधनं बहुतांश पुस्तकी आणि बातम्यांच्या मराठीवर शिकलेली आहेत. नांदेड-लातूरकडचं ‘काय करूलालास’ किंवा मराठी आणि दखनी मिसळून बोललेलं वाक्य त्यांना नीट समजेलच असं नाही. एखाद्या मावशीचं वाक्य चुकीचं उमटलं, तर तिला लगेच सांगा की चूक तिच्या बोलीची नाही, यंत्राला ती बोली कुणी पुरेशी ऐकवलेली नाही. असं सांगितलं नाही तर ती पुन्हा फोन हातात घेत नाही. केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ अभियान २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अशीच साधनं तयार करतंय, मराठीसुद्धा त्यात आहे. तरी बोलींपर्यंत पोचायला वेळ लागेल.

प्रश्न कसा असावा, हे दोन प्रश्न शेजारी लिहून दाखवा. पहिला: ‘सोयाबीन पिवळं पडलं, काय करू?’ दुसरा: ‘माझं शेत जालना जिल्ह्यात आहे, कोरडवाहू, चुनखडीची जमीन. सोयाबीन पेरून ३५ दिवस झाले. आठ दिवस झड लागली होती. शेंड्याची पानं पिवळी आहेत, शिरा हिरव्या आहेत. कारणं कोणकोणती असू शकतात आणि ती शेतात ओळखायची कशी, ते सोप्या मराठीत सांग. औषधाचं नाव सांगू नको.’ दुसऱ्या प्रश्नाला आलेलं उत्तर कामाचं असतं. त्यातलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे: उपाय न विचारता ओळखण्याची पद्धत विचारली, की माणूस शेतात जाऊन स्वतः बघतो आणि कृषी सहायकाला नेमकं सांगू शकतो.

आणखी काही कामं तिथल्या तिथे करून बघा, म्हणजे उपयोगही लोकांच्या अनुभवाला येईल. बँकेचं इंग्रजी पत्र मराठीत समजून घ्या. फोटो काढण्यापूर्वी खाते क्रमांकावर कागद ठेवायचा. ग्रामसेवकाला द्यायचा पाण्याच्या टाकीबद्दलचा अर्ज लिहून घ्या. बचतगटाच्या सभेचं इतिवृत्त तोंडी सांगून नीट लिहून घ्या. यात चूक झाली तरी ती वाचताना दिसते आणि दुरुस्त करता येते. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मराठी उत्तरात मध्येच हिंदी शब्द किंवा अवघड सरकारी भाषा आली, तर ‘आमच्या आजीला कळेल असं सांग’ म्हणायचं. साधन पुन्हा लिहून देतं.

राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ हे ॲप आणि पीएम किसानसाठीचं ‘किसान ई-मित्र’ यांवरही प्रश्न विचारता येतात. सरकारी म्हणून त्यांच्यावर डोळे झाकून विसंबा असं मी म्हणणार नाही. तपासायची सवय तिथेही तशीच ठेवा.

कुणाला विचारून खात्री करायची

फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण, आजारावरचं औषध, पैसे भरणं आणि कोर्टकचेरी. या गोष्टींत एआयचं उत्तर हे फक्त माणसाला विचारायच्या प्रश्नाची तयारी समजायचं. विशेषतः कापसावरच्या फवारणीत दोन औषधं मिसळायची का, हे फोनला विचारून कधीच ठरवू नका. विषबाधा झाली तर जीव जातो.

शेतीसाठी कृषी सहायक आणि जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामान आणि पिकांचा सल्ला काढतं. तो आपल्याच भागासाठी, आपल्याच हंगामासाठी लिहिलेला असतो. आजारात आधी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. छातीत दुखतंय, साप चावलाय, लहान बाळाला ताप आहे, अशा वेळी फोनवर प्रश्न लिहीत बसायचं नाही, १०८ लावायचा. बँकेचं काम असेल तर शाखेत जायचं. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून वाटा.

आवाज खोटा असू शकतो

वेळ कमी असेल तर बाकीचे मुद्दे आवरते घ्या, हा घेऊ नका. पुण्या-संभाजीनगरला कामाला गेलेली, लातूर-नांदेडला क्लासला ठेवलेली मुलं जवळजवळ प्रत्येक घरात आहेत, आणि फसवणारे नेमकं तेच हेरतात.

माणसाच्या आवाजाचा थोडासा नमुना मिळाला तरी तसाच आवाज तयार करणारी साधनं आज आहेत. हा नमुना इन्स्टाग्रामवरच्या रीलमधूनही मिळतो. मग रात्री फोन येतो: ‘आई, ॲक्सिडेंट झालाय, पोलिसांनी धरलंय, या नंबरवर पैसे टाक, बाबांना सांगू नको.’ आवाज हुबेहूब पोराचा. चेहराही बनवता येतो. प्रसिद्ध माणसं दुप्पट पैशांची स्कीम सांगताना दिसतात. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ म्हणतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, हे वाक्य बैठकीत सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

कान आणि डोळे पुरे पडत नाहीत, म्हणून पद्धत ठरवावी लागते. फोन ठेवायचा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. लागला नाही तर त्याच्या खोलीवरच्या मित्राला. शिवाय घरात एक खुणेचा प्रश्न ठरवायचा, ज्याचं उत्तर मोबाईलवर किंवा फेसबुकवर कुठेच नाही: पहिल्या गाईचं नाव, आजोबांनी विकलेल्या वावराचं नाव. बैठकीतच प्रत्येक घराला पाच मिनिटं द्या आणि प्रश्न ठरवायला लावा. मोठ्याने सांगायचा नाही. ‘कुणाला सांगू नको’ आणि ‘आत्ताच्या आत्ता’ हे दोन्ही शब्द एका फोनमध्ये आले, की पैसे पाठवायचे नाहीत.

सोबत दोन जुन्या गोष्टीही बजावा. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान किंवा बँकेच्या नावाने आलेली, शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाईल उघडायची नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि बँकेला कळवायचं. फसलेल्या माणसाला गावात लाज वाटते आणि त्या लाजेपायी तो दोन दिवस गप्प बसतो. त्याला कुणी नावं ठेवणार नाही, असं बैठकीत सरपंचांनी किंवा वडीलधाऱ्या माणसाने बोलून दाखवलं तर फार फरक पडतो.

फोनला काय सांगू नये

आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी, पासबुकाचा फोटो, आजाराचे नावासकट रिपोर्ट हे कुठल्याही एआय साधनात टाकू नका. लिहिलेलं कंपनीच्या संगणकावर साठवलं जाऊ शकतं आणि पुढच्या शिक्षणासाठी वापरलंही जाऊ शकतं. मुलीबाळींचे फोटो ‘साडीतला फोटो बनवून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ॲपवर टाकू नका. कारण विचारलं तर स्पष्ट सांगा: त्याच फोटोंवरून अश्लील चित्रं बनवली जातात, आणि तसं कुणी केलं तर तो गुन्हा आहे, मुलीचा दोष नाही.

लोक विचारतीलच असे प्रश्न

‘पोरांच्या नोकऱ्या जातील का?’ खोटा धीर देऊ नका, घाबरवूही नका. टायपिंग, साधं भाषांतर, ठरावीक उत्तरं देण्याची कॉल सेंटरची कामं यांवर परिणाम होतोय. वीजजोडणी, पंप दुरुस्ती, नर्सिंग, जनावरांची देखभाल यांत हातांचं आणि प्रत्यक्ष हजर असण्याचं काम आहे, तिथे धोका कमी. पोराने कोणतंही क्षेत्र निवडलं तरी यंत्राचं उत्तर तपासता येण्याइतका तो विषय त्याला आला पाहिजे.

‘पोरं अभ्यासच करणार नाहीत.’ ही भीती रास्त आहे. लातूरला नीटची तयारी करणारी मुलगी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फोनला विचारू लागली, तर परीक्षेच्या दिवशी तिच्या हाती काहीच नसेल. आईवडिलांना एक नियम द्या: आधी वहीत स्वतः सोडवायचं, मग ती पायरीवार पद्धत एआयला दाखवून ‘माझी कोणती पायरी चुकली?’ विचारायचं, आणि शेवटी पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायचं. घरी शिकवणारं कुणी नसलेल्या मुलांना याचा खरा आधार होतो.

‘देवाधर्माचं विचारलं तर चालतं का?’ चालतं, पण अभंग मागितला तर ते कधी कधी स्वतःच चार ओळी जुळवून संतांचं नाव खाली घालतं. गाथेत सापडला तरच खरा धरायचा. गावातल्या भजनी मंडळीला ही चाचणी घ्यायला सांगा, ते आनंदाने घेतात.

बैठकीनंतरची वही

एका बैठकीने सवय लागत नाही. म्हणून वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. तिच्यात चार रकाने: काय विचारलं, काय उत्तर आलं, कुणाकडून तपासलं, काय निघालं. दोन जण नेमा, एक कॉलेजचं पोरगं आणि एक बचतगटाची ताई. लिहिता न येणाऱ्यांचं ते लिहून घेतील. बरोबर निघालेली उत्तरंही लिहायची, नाहीतर वही नुसती तक्रारींची होते आणि लोक उपयोगाच्या गोष्टीही सोडून देतात.

दोन महिन्यांनी दुसरी बैठक या वहीवरच घ्या. पीकविमा, फवारणी, शाळा, बँक असे विषय वेगळे करा आणि कुठे जास्त चुका झाल्या ते वाचून दाखवा. कृषी सहायक आणि आशाताईंना त्या दिवशी मुद्दाम बोलवा, कारण ‘तपासलं’ या रकान्यात बहुतेक वेळा त्यांचीच नावं असतील. वाटलेल्या कागदावरचे क्रमांक आणि योजनांचे आकडे तेव्हा पुन्हा पडताळा, बदललं असेल ते बदलून नवा कागद छापा आणि त्याच्या डोक्यावर तारीख घाला. जुना कागद परत घ्यायला विसरू नका.